कोण सांगतंय ते लिहा: व्हिक्टोरियन रहस्यकथा पडद्यावर बघताना

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली रहस्यकादंबरी पडद्यावर बघायची असेल, तर आधी एक वही घ्या. पानावर तीन रकाने आखा: कोण सांगतंय, त्यानं डोळ्यानं काय पाहिलं, आणि काय नुसतं ऐकलं. परभणीच्या न्यायालयात लघुलेखक म्हणून माझी नोकरी सरतपास-उलटतपास टिपण्यात गेली, पण ही पद्धत माझी नाही, विल्की कॉलिन्सची आहे. कॉलिन्स लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेतून १८५१ साली बॅरिस्टर झाला आणि वकिली न करता लिहीत बसला. त्याची ‘द वुमन इन व्हाइट’ नोव्हेंबर १८५९पासून डिकन्सच्या साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आली. तिच्या पहिल्याच पानावर तो सांगतो की ही गोष्ट न्यायालयात सांगतात तशी, एकामागून एक साक्षीदारांच्या तोंडून येईल.

आणि तशीच ती येते. चित्रकलेचा मास्तर हार्टराइट सांगतो, घरचा वकील सांगतो, मॅरियन डायरी लिहिते, घर सांभाळणारी बाई जबाब देते. हेस्टर पिनहॉर्न नावाच्या स्वयंपाकिणीला तर लिहिता-वाचता येत नाही. ती बोलते, दुसरा कोणी टिपून घेतो आणि खाली सहीच्या जागी तिची खूण. असे अंगठ्याचे जबाब मी कितीतरी लिहून घेतलेत. अशी बाई जे पाहिलं तेवढंच सांगते, आणि तिच्या नकळत त्यातच सगळ्यात मोलाचा पुरावा असतो. कॉलिन्सला हे पक्कं ठाऊक होतं.

पडद्यावर पहिला मार याच गोष्टीला बसतो. कॅमेऱ्याला साक्षीदाराची गरज नसते. तो सरळ खोलीत शिरतो, दाखवतो, आणि आपण शपथेवर सांगितल्यासारखं खरं मानतो. म्हणून वही लागते. प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगाला स्वतःला विचारायचं: हे कोणी पाहिलं? कोणीच पाहिलं नसेल, तर तो प्रसंग पटकथाकारानं घातलेला असण्याची शक्यता दाट. तिथं फुली मारा आणि नंतर कादंबरीत ताडून बघा.

सुरुवात बीबीसीच्या २०१८च्या ‘द वुमन इन व्हाइट’नं करा. पाच भाग आहेत, जेसी बकली मॅरियन झाली आहे. मी ती पहिली ठेवते याचं कारण इरॅस्मस नॅश. कादंबरीत नसलेलं हे पात्र मालिकेत एकेकाचा जबाब लिहून घेत फिरतं, आर्ट मलिकनं ते केलंय. कादंबरीचा बांधा पडद्यावर टिकवण्यासाठी एक लेखनिक आणून बसवला, हे मला फार भावलं. नॅश समोर आला की वहीत नवीन ओळ सुरू करायची, इतकं सोपं.

आधी वाचायचं की आधी बघायचं? मी सांगते, थोडं वाचा. अर्ध्या रात्री हॅम्पस्टेडहून लंडनला पायी निघालेल्या हार्टराइटच्या खांद्यावर मागून कोणीतरी हात ठेवतं, त्या प्रसंगापर्यंत वाचून पुस्तक मिटा. मग पहिला भाग बघा. मूळ इंग्रजी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहे. वाचवत नसेल तर लिब्रिव्हॉक्सवर ध्वनिपुस्तक आहे, भाकरी थापता थापता ऐकून होतं. इंग्रजी उपशीर्षकं चालूच ठेवा. त्या काळच्या घरंदाज माणसांचं बोलणं आपल्या कानांना पहिल्या झटक्यात सापडत नाही.

घरात कोणाला इंग्रजी येत नसेल तर त्यांना वगळू नका. माझ्या मोठ्या जाऊबाई माझ्यासोबत बघतात. भाग लावण्याआधी मी त्यांना मराठीत फक्त नाती सांगते: कोण कोणाची बहीण, घर कोणाच्या नावावर, पैसा कोणाचा. पुढं काय होणार ते सांगत नाही. संवादांकडं कान नसल्यामुळं त्यांचं सगळं लक्ष हातांवर आणि दारांवर असतं. “ही बाई किल्ली पदराआड लपवायलीय बघ,” असं त्या मधेच म्हणतात, आणि मी मागं नेऊन बघते तर खरंच किल्ली असते. त्यांचं म्हणणंही वहीत लिहायचं, त्यांच्या नावानं.

पैशाचा हिशेब मात्र बघण्याआधी समजून घ्या, नाहीतर अर्धं रहस्य डोक्यावरून जातं. मॅरियनची सावत्र बहीण लॉरा हिच्या नावावर वीस हजार पौंड आहेत, आणि ती मूल नसताना वारली तर ते नवऱ्याला मिळावेत असा लग्नाचा करार तिच्या चुलत्याच्या आळसापायी होतो. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचे कायदे इंग्लंडात १८७० आणि १८८२ साली झाले. त्याआधी बाईनं वेगळा करार करून ठेवला नसेल तर लग्न होताच तिची रोकड, दागिने, मिळकत नवऱ्याच्या हाती जायची. वकील गिलमोर त्या करारासाठी किती जीव तोडून भांडतो, ती पानं कादंबरीत जरूर वाचा. मालिका अशा ठिकाणी घाई करतात.

वहीचं शेवटचं पान तारखांसाठी ठेवा. या कादंबरीत सगळं एका तारखेवर फिरतं. कोणती, ते सांगत नाही. पण खुद्द कॉलिन्सच्या तारखा पहिल्या आवृत्तीत जुळत नव्हत्या. ‘द टाइम्स’च्या परीक्षकानं १८६० साली ते दाखवून दिलं आणि त्यानं पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती केली. वाचक इतक्या बारकाईनं बघणारे होते, आपणही तसंच बघायचं.

मग पडद्यावरची दुसरी आवृत्ती घ्या, आणि इथं ओळख परेडीचा प्रश्न येतो. लॉरा आणि पांढऱ्या कपड्यातली अ‍ॅन यांच्यात साम्य आहे, आणि ते किती, यावर सगळा खटला उभा आहे. १९४८च्या अमेरिकी चित्रपटात एलेनॉर पार्करनं दोघी केल्या, २०१८मध्ये ऑलिव्हिया विनालनं. १९९७च्या बीबीसी आवृत्तीत मात्र दोन वेगळ्या अभिनेत्री आहेत. मला दोन अभिनेत्रीच बऱ्या वाटतात. एकीनंच दोघी केल्या की गावातल्या माणसांची गल्लत आपण लगेच मान्य करून टाकतो. दोन वेगळे चेहरे समोर आले की आपल्यालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून ठरवावं लागतं: खरंच ओळखू आली नसती का? दोन्ही आवृत्त्यांतला तो रात्रीच्या रस्त्यावरचा प्रसंग लागोपाठ लावा आणि अ‍ॅनचा चेहरा किती वेळ उजेडात ठेवलाय ते बघा.

‘द मूनस्टोन’ (१८६८) आपल्या माणसांनी बघायलाच हवी. हिऱ्याची कथा कॉलिन्स सोमनाथच्या चंद्रदेवाच्या मूर्तीपासून सुरू करतो. ती मूर्ती काशीला जाते, औरंगजेबाच्या काळात त्याचा एक सरदार हिरा लुटतो, पुढं तो टिपूकडं येतो आणि १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा एक इंग्रज अधिकारी रक्त सांडून तो पळवतो. हिरा कल्पित आहे, पण औरंगजेबाची कबर आपल्या खुलताबादला आहे, आणि श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात इंग्रजांच्या बाजूनं निजामाची फौजही होती. त्याच निजाम घराण्याच्या राज्यात आपले मराठवाड्यातले आजे-पणजे जगले. यॉर्कशरच्या बंगल्यातली ती चोरी मला म्हणूनच परकी वाटत नाही. मूळ फिर्याद हिरा मागायला आलेल्या तीन ब्राह्मणांची आहे, चोरी त्यांच्या देवाची झालीय. तर ‘मूनस्टोन’ची कोणतीही आवृत्ती तपासताना पहिला प्रश्न हा: श्रीरंगपट्टणचा प्रवेश आणि सोमनाथचा शेवट ठेवलाय का, आणि त्या तिघांना बोलू दिलंय का? १९३४चा अमेरिकी चित्रपट तासाभराचा, त्यात कथा थेट १९३०च्या दशकात आणलीय. तो शेवटी बघा. १९९६ची बीबीसी आवृत्ती दोनेक तासांत आटोपते, ग्रेग वाइज आणि कीली हॉज आहेत. २०१६ची पाच भागांची आहे. आधी मोठी बघा.

मुद्देमालाची यादी इथं वेगळ्या पानावर करा: नुकत्याच रंगवलेल्या दारावरचा पुसट डाग, एक रात्रीचा अंगरखा, गिळणारी वाळू. अंगरख्यामागं खरी घटना आहे. १८६० साली रोड हिल हाउसमधल्या लहान मुलाच्या खुनात एक रात्रीचा झगा गहाळ झाला होता, आणि तपासाला स्कॉटलंड यार्डचा जॅक विचर गेला होता. ‘मूनस्टोन’मधला तपास करणारा सार्जंट कफ त्याच्यावरून बेतलाय. विचरवर २०११चा ‘द सस्पिशन्स ऑफ मिस्टर विचर’ हा दूरचित्रपट आहे, पॅडी कॉन्सिडाइनचा. ‘मूनस्टोन’च्या आधी तो बघितला तर कफकडं बघायची नजरच बदलते.

माझी सगळ्यात आवडती मात्र ‘ब्लीक हाउस’, बीबीसीची २००५ची, पंधरा भागांची. पहिला तासाभराचा, बाकीचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे. डिकन्सची कादंबरी मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ दर महिन्याला येत होती, तेव्हा तीही एका दमात संपवू नका. रोज एक भाग. जारंडाइसचा दावा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, हे कोर्टात उठबस असलेल्यांना समजावून सांगावं लागणार नाही. पण रहस्य दाव्यात नाही, अक्षरात आहे. वकील टल्किंगहॉर्न एक प्रतिज्ञापत्र वाचून दाखवतो, लेडी डेडलॉकची नजर कागदावर जाते आणि ती विचारते, हे कोणी नकललं? बस, एवढंच. एका गरीब नकलनविसाच्या वळणदार अक्षरानं एका मोठ्या घराचा पाया हलतो. गिलियन अँडरसननं तो प्रश्न सहज विचारल्यासारखा विचारलाय. तिथं थांबवा, मागं जा, वकिलाचा चेहरा बघा. चार्ल्स डान्स पापणीही हलवत नाही, पण त्याच्या ध्यानात आलंय. इन्स्पेक्टर बकेट बराच नंतर येतो, त्याची घाई करू नका.

शेरलॉक होम्सबद्दल थोडक्यात: ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी १९०१-०२ साली आली, म्हणजे राणी गेल्यावर, पण कथा १८८९ची. त्यातही वॉटसनची पत्रं आणि डायरी आहेत, म्हणून वही चालते. १९८८ची जेरेमी ब्रेटची आवृत्ती घ्या. घरातल्या ज्येष्ठांसाठी त्यावरूनच सैलसर बेतलेला १९६२चा ‘बीस साल बाद’ लावा, जाऊबाईंना त्यातली गाणी पाठ आहेत.

‘एडविन ड्रूड’ ही डिकन्सची अपुरी राहिलेली कादंबरी सगळ्यात शेवटी. जून १८७०मध्ये डिकन्स वारला तेव्हा बारापैकी सहाच हप्त्यांचा मजकूर तयार होता, त्यामुळं पुढचं जे काही पडद्यावर दिसतं ते दुसऱ्यांचं आहे. २०१२ची बीबीसी आवृत्ती दोन भागांची आहे. पहिला भाग झाला की दुसरा लावायचा नाही. त्याआधी कादंबरी जिथं तुटते तिथपर्यंत वाचा किंवा घरच्यांना सांगा. प्रत्येकानं आपला निकाल, कारणांसकट, एका चिठ्ठीवर लिहून घडी घालून डब्यात टाकायचा. जाऊबाईंचा निकाल मी लिहून घेते आणि वाचून दाखवून मगच त्यांची सही घेते. मग दुसरा भाग लावा.