एट माइलच्या पलीकडेही जा

नोव्हाय, कँटन, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स. 'डेट्रॉईटला नोकरी लागली' असं घरी सांगून आलेली आपली बहुतेक मंडळी याच चारपाच गावांत राहतात, आणि वर्ष उलटलं तरी खऱ्या डेट्रॉईट शहरात (एट माइल रोड ही त्याची उत्तरेची हद्द) त्यांचं पाऊल पडलेलं नसतं. घर, ऑफिस, मुलांची शाळा, इंडियन ग्रोसरी, मंदिर, मंडळाचा गणपती. भाडं कुठे परवडतं, स्नो टायर घ्यावेत का, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी सांगणार आहे ते सहसा कुणी सांगत नाही. वंशभेदाने इथे माणसामाणसांत जे तुटलंय ते सांधण्यासाठी लोक गोष्टी, गाणी, चित्रं घेऊन एकत्र बसतात. त्या बैठकींना जा.

'आपण ना काळे ना गोरे, आपला काय संबंध?' हे मी दर नव्या खेपेकडून ऐकते. संबंध कळायचा असेल तर पहिल्याच उन्हाळ्यात नदीकाठच्या हार्ट प्लाझाला जा. फिलिप हार्ट हे मिशिगनचे सिनेटर. १९६५ च्या ज्या इमिग्रेशन कायद्याने भारतीयांना इथे खऱ्या अर्थाने दार उघडलं, तो कायदा हार्ट-सेलर म्हणून ओळखला जातो, त्यातले हार्ट तेच. त्याआधी आपल्या देशाचा कोटा वर्षाला शंभरेक माणसांचा होता. आणि तो कायदा काही आकाशातून पडला नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्काचा कायदा आणि त्यामागचे मोर्चे, तुरुंगवास, मार खाल्लेली माणसं, या सगळ्या रेट्यात तो पास झाला. तुमच्या-माझ्या व्हिसाचं मूळ तिथे आहे.

त्याच प्लाझावर, नदीकडे तोंड करून उभा असलेला ब्राँझचा एक समूह दिसेल. गुलामगिरीतून पळून आलेली माणसं पलीकडे कॅनडाकडे बघतायत, एकजण बोट दाखवतोय. (इथून कॅनडा दक्षिणेला आहे, विश्वास बसत नसेल तर नकाशा काढा.) १८५० च्या कायद्यानंतर उत्तरेतल्या राज्यांतही पळालेल्या गुलामांना पकडून परत पाठवत, म्हणून नदी ओलांडणं भाग होतं. गुलामांना गुपचूप पळवून नेणाऱ्या त्या वाटेवर ('अंडरग्राउंड रेलरोड') डेट्रॉईटचं सांकेतिक नाव होतं 'मिडनाइट'. ग्रीकटाउनमधलं सेकंड बॅप्टिस्ट चर्च १८३६ चं आहे, तिथल्या तळघरात ही माणसं लपवत.

दुसरी जागा बघाच, कारण बैठकींमध्ये तिचा उल्लेख हटकून येतो. एट माइल रोडच्या जरा दक्षिणेला, बर्वुड रस्त्याच्या घरांमागून एक भिंत जाते. सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब. १९४१ मध्ये एका बिल्डरला ब्लॅक वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. वस्ती इतकी जवळ असताना सरकारी यंत्रणा कर्जाची हमी देईना. बिल्डरने मधे भिंत घातली, हमी मिळाली. आज दोन्ही बाजूंना ब्लॅक कुटुंबंच राहतात, भिंतीला अडवायला कुणी उरलं नाही. २००६ मध्ये कलाकार आणि शेजारपाजारच्या लोकांनी जमून बागेजवळचा तिचा भाग रंगवला. साबणाचे फुगे उडवणारी मुलं, बसमध्ये चढणाऱ्या रोझा पार्क्स (गोऱ्या माणसासाठी सीट सोडायला नकार देणाऱ्या). जवळून बघितलं की रंगाखाली काँक्रीटच्या साच्यांच्या रेघा दिसतात. चित्र आहे म्हणून भिंत लपत नाही, आणि ती लपवायचीही नव्हती. फोटो जरूर काढा, पण पलीकडे लोकांची परसदारं आहेत, तिकडे कॅमेरा वळवू नका.

आता कधी जायचं ते. जानेवारीचा तिसरा सोमवार मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावे सुट्टीचा. तुम्ही कंत्राटावर असाल तर सुट्टी मिळेलच असं नाही, पण कार्यक्रम संध्याकाळीही असतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, 'नॅशनल डे ऑफ रेशियल हीलिंग' पाळतात. २०१७ मध्ये केलॉग फाउंडेशनने तो सुरू केला. हे फाउंडेशन आपल्याच राज्यातलं, बॅटल क्रीकचं, मक्याच्या पोह्यांच्या डब्यावर जे नाव दिसतं त्याच केलॉग यांनी १९३० मध्ये काढलेलं. वंशभेदाच्या जखमा सांधण्याचा त्यांचा उपक्रम मिशिगनमध्ये बॅटल क्रीक, फ्लिंट, कॅलमझू आणि लॅन्सिंगला सुरू झाला, म्हणून नोकरी तिकडे लागली असेल तर तुमचं काम अधिकच सोपं. जुलैत 'कॉन्सर्ट ऑफ कलर्स' असतो, १९९३ पासून चालू, फुकट. अरब-अमेरिकन संस्था 'अ‍ॅक्सेस' आणि १९६७ च्या जाळपोळीनंतर स्थापन झालेली 'न्यू डेट्रॉईट' या दोघांनी तो सुरू केला. एकाच दिवसात अरबी ऊद, गॉस्पेल आणि मेक्सिकन ट्रम्पेट कानावर पडतं. ज्यांना बैठकीत बोलायचा संकोच वाटतो त्यांनी सुरुवात इथून करावी. डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये वेन, ओकलंड आणि मकोम काउंटीच्या रहिवाशांना प्रवेश फुकट आहे. पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवा आणि दिएगो रिव्हेरांची भित्तिचित्रं बघून या. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर चार्ल्स राइट संग्रहालय आहे. आफ्रिकन-अमेरिकन इतिहासासाठी शहरात याच्यासारखी जागा नाही, बरेचसे गोष्टींचे कार्यक्रमही तिथेच होतात.

हीलिंग सर्कल म्हणतात ती बैठक मात्र वेगळी. गोल मांडलेल्या खुर्च्या, मधे टेबल नाही. एखादा दगड किंवा शिंपला हातोहात फिरतो. तो ज्याच्या हातात, तोच बोलणार. बोलायचं नसेल तर पुढे द्यायचा, कुणी कारण विचारत नाही. मग जोड्या पाडतात. दोन-तीन मिनिटं एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचं. 'अगदी बरोबर', 'आमच्याकडेही असंच' इतकंसुद्धा म्हणायचं नाही. आपल्या लोकांना हा नियम सगळ्यात जड जातो. प्रश्न साधेच असतात. तुम्हाला कुणीतरी मनापासून समजून घेतलं असा प्रसंग सांगा, तुमच्या नावामागची हकिकत सांगा. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं. घरी येऊन मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आज एक आजी रडल्या' असं टाकायचं नाही.

कथाकथनाचा कार्यक्रम असेल तर उलट. तिथे गप्प बसणं हेच उद्धटपणाचं. सांगणारी थांबली की लोक 'टेल इट', 'येस' म्हणतात. कीर्तनात बुवांनी हात वर केल्यावर गजर करायचा असतो ना, तसंच हे. सुरुवातीला पूर्वजांची नावं घेत कुंडीत पाणी ओततात, प्रत्येक नावाला सगळे मिळून 'आशे' (साधारण आपलं 'तथास्तु') म्हणतात. 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' सुरू झालं की उभं राहा. १९०० सालचं हे गाणं ब्लॅक समाजात राष्ट्रगीतासारखं मानतात. शब्द येत नसले तरी चालेल, मोबाइल मात्र खिशात हवा.

म्हाताऱ्या मंडळींच्या गोष्टींत हेस्टिंग्ज स्ट्रीट येईल. ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली या वस्त्या, तिथली दुकानं, जॅझचे क्लब पाडून फ्रीवे काढला. तुम्ही शहरात उतरता तो आय-७५ आणि आय-३७५ चा भाग तोच. सदुसष्टचा जुलैही येईल. पाच दिवसांची जाळपोळ, ४३ मृत्यू. कुणी दंगल म्हणेल, कुणी उठाव. निवाडा करायला तुम्हाला बोलावलेलं नाही, दोघांचंही ऐका. व्हिन्सेंट चिन यांची गोष्ट मात्र आपण स्वतः माहीत करून घेतलीच पाहिजे. १९८२ मध्ये, जपानी गाड्यांवर सगळ्यांचा राग असताना, मोटार उद्योगातल्या दोघांनी या २७ वर्षांच्या चिनी-अमेरिकन तरुणाला बेसबॉल बॅटने इतकं मारलं की त्यात त्याचा जीव गेला. लग्न काही दिवसांवर आलं होतं. शिक्षा झाली ती प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड. आशियाई म्हणून देशभर लोक एकत्र आले ते या निकालानंतर. 'आपला काय संबंध' याचं हे दुसरं उत्तर.

तुमची पाळी आली की काय बोलाल? 'आम्ही कष्ट केले, वर आलो, कुणीही येऊ शकतं' हे तर नकोच. खोलीतली हवा तिथल्या तिथे गार होते, आणि ज्यांच्या आजोबांना कर्जच मिळू दिलं नाही त्यांच्यासमोर ते बोलणं क्रूरही आहे. बरेच जण मग जोतीरावांकडे वळतात. १८७३ मध्ये फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली, १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती इथल्या ब्लॅक पँथर या लढाऊ संघटनेकडे बघून. हे खरं आहे, मोलाचं आहे, आणि इथल्या लोकांना ऐकायला आवडतं. पण ज्यांच्या घरी कामवाल्या मावशींचा कप वेगळा होता त्यांनी फुल्यांच्या नावावर टाळ्या घेण्याआधी त्या कपाबद्दल बोलावं. तो कप कुठे ठेवलेला असायचा, कुणी धुवायचं, तुम्हाला कितव्या वर्षी लक्षात आलं. अशा बैठकीत याला किंमत आहे. आणि तुम्ही त्या कपाच्या दुसऱ्या बाजूचे असाल, तर सांगायचं की नाही हे सर्वस्वी तुमच्यावर आहे. खोलीत आणखी मराठी माणसं असतील तर ते सोपं नसतं, मला ठाऊक आहे. दगड पुढे द्यायची मुभा त्यासाठीच आहे.

अजून एक. आपापसांत मराठीत बोललेलं कळत नाही या भ्रमात राहू नका. शब्द कळले नाहीत तरी सूर आणि नजर कळते.

जेवण बहुधा पॉटलक असतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. शाकाहारी असाल तर हिरवी भाजी दिसली म्हणून वाढून घेऊ नका. कॉलर्ड ग्रीन्समध्ये स्मोक्ड टर्की किंवा डुकराच्या मांसाचा तुकडा घालून तासन्‌तास शिजवतात, राजम्यासारख्या दिसणाऱ्या बीन्सचंही तेच. मॅक अँड चीज आणि कॉर्नब्रेडला बहुतेक वेळा हरकत नसते, तरी विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. स्वीट पोटॅटो पाय (pie, रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेला) मात्र सोडू नका. आपण न्यायचं ते गार खाता येईल असं असावं. नारळाच्या वड्या, ढोकळा, पुडाची वडी. शेंगदाण्याचं कूट पडलं असेल तर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इथे थट्टेवारी नेण्यासारखी गोष्ट नाही.

मुलांना न्या, पण सर्कलला नाही. गोष्टींना आणि गाण्यांना न्या. शाळेत फेब्रुवारीत ब्लॅक हिस्ट्री मंथचा प्रोजेक्ट मिळतो तेव्हा त्यांच्याकडे गूगलपलीकडचं काहीतरी असेल. डिअरबर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात रोझा पार्क्स यांची ती बस आहे, आत बसताही येतं.

आणि मंडळाच्या कमिटीत गेलात की लगेच 'आपणही एक युनिटी कार्यक्रम करू, त्यांना बोलावू' असा ठराव आणू नका. गणपतीत लेझीमच्या आधी पाच मिनिटं कुणाला स्टेजवर उभं करून शाल-श्रीफळ दिलं की झालं, असं त्याचं हमखास होतं. दोनतीन वर्षं आधी त्यांच्या बैठकींना जा. खुर्च्या मांडायला अर्धा तास लवकर पोहोचा, शेवटी भांडी विसळायला थांबा. नावं पाठ होतील, तुमचंही नाव नीट घेतलं जाईल. मग बोलवा.