कोरियन चिकट मका आणि स्वीट कॉर्न : तुलना कशी करावी

कोरियातील मक्याचे कणीस पहिल्यांदा खाणारे अनेक जण ‘हा मका गोडच नाही’ म्हणून ते बाजूला ठेवतात. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण स्वीट कॉर्नची कसोटी त्यांनी भलत्याच मक्याला लावलेली असते. कोरियात जुलै-ऑगस्टच्या उन्हाळ्यात उकडून खातात तो ‘छालओक्सुसु’. यातील ‘ओक्सुसु’ म्हणजे मका आणि ‘छाल’ म्हणजे चिकट. गांगवॉन प्रांतातील होंगचॉन हा भाग या मक्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे.

खरा फरक पिठूळपणात, म्हणजे स्टार्चमध्ये आहे. स्टार्चचे अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. साध्या मक्याच्या स्टार्चमध्ये सुमारे २५ टक्के अमायलोज आणि ७५ टक्के अमायलोपेक्टिन असते, तर चिकट मक्यात जवळजवळ सगळेच अमायलोपेक्टिन असते. त्यामुळे तो शिजल्यावर चिकट तांदळाच्या भातासारखा लवचिक होतो. स्वीट कॉर्नमध्ये साखरेचे स्टार्च होण्याची क्रिया जनुकीय बदलामुळे मंदावलेली असते, म्हणून त्याचा दाणा रसाळ आणि गोड राहतो.

तुलनेसाठी दोन्ही कणसे शक्यतो त्याच दिवशी तोडलेली घ्यावीत. स्वीट कॉर्नच्या दाण्यात नख रुतवल्यास पातळ, दुधाळ रस उडायला हवा. चिकट मक्याचा दाणा याहून थोडा अधिक भरलेला असावा, नख सहज रुतावे, पण आतून दाट चीक यावा. नख रुतेनासे झाले की कणीस निबर झाले असे समजावे. काही वाणांचे दाणे जांभळे-काळे असतात, तो रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा आहे.

दोन्ही कणसे एकाच भांड्यात शिजवू नयेत, कारण इथेच बहुतेक तुलना फसतात. स्वीट कॉर्नला उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटे पुरतात. चिकट मक्याची आतली एक-दोन पाने तशीच ठेवावीत, कणीस बुडेल इतक्या पाण्यात मीठ आणि किंचित साखर घालावी, मध्यम आचेवर तीस-चाळीस मिनिटे उकडावे आणि आच बंद केल्यावर झाकण न काढता दहा मिनिटे मुरू द्यावे.

चव घेताना चिकट मका आधी खावा, कारण स्वीट कॉर्नची साखर जिभेवर रेंगाळली की चिकट मक्याची मंद गोडी कळतच नाही. अंगठ्याने एक ओळ मोकळी करून आठ-दहा दाणे एकदम तोंडात टाकावेत आणि घाई न करता चावावेत. सुरुवातीला दाणा दाढेला चिकटतो, मग मऊ पडतो, आणि गोडी अगदी शेवटी येते. स्वीट कॉर्नचे याउलट असते: दाणा फुटताच रस आणि गोडवा एकदम येतो आणि मागे फक्त साल उरते. म्हणून चिकट मक्यात चावण्याचे सुख आणि स्वीट कॉर्नमध्ये रस पारखावा, असे माझे ठाम मत आहे.

गोडीचीच तुलना करायची असेल, तर कोरियातच पिकणारा ‘छोदांग ओक्सुसु’ घ्यावा. हा अतिगोड वाण असून तो कच्चाही खाल्ला जातो.

उरलेला चिकट मका फ्रिजमध्ये ठेवल्यास कडक होतो. तो उकडल्या-उकडल्या गार करून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि खाण्यापूर्वी पुन्हा वाफवावा, म्हणजे दाण्याचा लवचिकपणा परत येतो.