नवी केबल मागवण्याआधी: जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या क्लच आणि थ्रॉटल केबलचा दोष कसा शोधावा

जुन्या स्पोर्ट्‌स कारचा क्लच सुटेनासा झाला किंवा ॲक्सिलरेटर जड झाला, की पहिला विचार नवी केबल मागवण्याचा येतो. तार तुटली असेल तर तो बरोबरच आहे. पण तार शाबूत असेल तर दोष पुष्कळदा ती ज्या कवचातून धावते त्यात, त्या कवचाच्या टेकूत किंवा तारेच्या टोकाला जोडलेल्या भागात निघतो. आतली तार जितक्या जोराने ओढली जाते तितक्याच जोराने बाहेरचे कवच उलट दिशेने रेटले जाते, आणि ते कुठे सरकले तर पॅडलची तेवढी हालचाल वाया जाते.

क्लचपासून सुरुवात करावी, कारण तिथे लक्षणे स्पष्ट बोलतात. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून पॅडल पूर्ण दाबावे, तीन-चार सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. या गाड्यांत रिव्हर्सला सहसा सिंक्रोमेश (गिअर जुळण्याआधी त्यांचे वेग सारखे करणारी यंत्रणा) नसतो, त्यामुळे करकर झाली तर क्लच पुरता सुटत नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळे होत नाही, असे समजावे. याउलट चढावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे. केबल गरजेपेक्षा घट्ट असणे हे त्याचे एक कारण असते, आणि तशीच गाडी चालवत राहिल्यास रिलीज बेअरिंगही (पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) अकारण झिजते.

त्यानंतर पॅडलशेजारी पट्टी उभी धरून, बोटाने दाबल्यावर पहिला खरा विरोध लागेपर्यंत पॅडल किती जाते ते मोजावे. अनेक गाड्यांत हा मोकळा प्ले 15 ते 25 मिलिमीटरच्या आसपास असतो, मात्र अंतिम आकडा त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतलाच धरावा. प्ले कमी-जास्त असेल तर केबलच्या टोकाचा लॉकनट (जुळवणी जागेवर पक्की धरणारा नट) सैल करून जुळवणी करावी. नट फिरवताना तारेचे आटे असलेले टोक पकडीने घट्ट धरावे, नाहीतर नटाबरोबर तारही फिरते, तिचा पीळ उकलतो आणि चांगली केबल आपल्याच हातांनी खराब होते. गाडीखाली शिरायचे असल्यास ती जॅकवर नव्हे, स्टँडवर उभी असावी.

जुळवणी केल्यावर दोन दिवसांत प्ले पुन्हा वाढला, तर नट आणखी आवळत बसू नये. पोर्शे 914 हे याचे उत्तम उदाहरण आहे. 1969 ते 1976 या काळात बनलेल्या या गाडीचे इंजिन आसनांच्या मागे असल्याने क्लचची केबल मधल्या बोगद्यातल्या लोखंडी नळीतून मागे जाते आणि गिअरबॉक्सपाशी एका कप्पीवरून वळून फोर्कला (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याला) मिळते. नळी बोगद्यात वेल्ड केलेली असते; तो वेल्ड सुटला की पॅडल दाबताना तारेऐवजी नळीच हलू लागते. सहायकाला पॅडल दाबायला सांगून नळीच्या उघड्या टोकावर बोट ठेवावे. बोटाला ती सरकताना जाणवली तर नवी केबल घालणे म्हणजे पैसे आणि एक रविवार वाया घालवणे. नळी पुन्हा पक्की करणे हाच उपाय आहे. नळी पक्की असेल तर कप्पीचा बुश (आसावरची बाही) आणि फोर्क ज्यावर टेकतो त्या गोळ्यावरचे प्लास्टिक झिजले आहे का ते पाहावे.

थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या बाबतीत इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटरचे पॅडल पूर्ण दाबावे आणि झटकन सोडावे. ते रेंगाळले तर केबल कार्ब्युरेटरपाशी सोडवून थ्रॉटलचा दांडा हाताने हलवावा. दांडा खटकन मागे आला तर अडचण केबलीत किंवा पॅडलच्या सांध्यात आहे, आणि दांडाच अडखळत असेल तर केबल निर्दोष आहे. रेंगाळणारा थ्रॉटल दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये, कारण तो उघडा अडकला तर क्लच दाबून इग्निशन बंद करावे लागते आणि त्या घाईत चावी स्टिअरिंग लॉकपर्यंत जाण्याचा धोका असतो.

जुळवणी करताना पॅडल तळाला टेकल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडावा, पण दांडा आणि त्याचा थांबा यांत साधारण 1 मिलिमीटर अंतर उरावे. पायाचा सगळा जोर पॅडलखालच्या थांब्याने घ्यायचा असतो, तारेने नव्हे. पाय काढल्यावर तारेला किंचित ढील असावी. आतून टेफ्लॉनचे अस्तर असलेली केबल कोरडीच चालण्यासाठी बनवलेली असते, त्यामुळे तिच्यात तेल सोडू नये.

एक कारण मात्र केबलीकडे कितीही निरखून पाहिले तरी सापडत नाही. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली किंवा तुटली, तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह परतीची वाट क्लच किंवा थ्रॉटलच्या केबलीतून शोधतो; तार तापते, अस्तर वितळते आणि नवी केबलसुद्धा थोड्याच दिवसांत चिकटू लागते. स्टार्टर फिरत असताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचे बॉडीला जोडलेले टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. अर्ध्या व्होल्टहून बरेच जास्त आले तर आधी पट्टीची दोन्ही टोके धातू चमकेपर्यंत घासून घट्ट बसवावी, गरज पडल्यास पट्टी बदलावी, आणि त्यानंतरच नव्या केबलला हात लावावा.