थंड पाण्यात स्कूबा डायव्हिंग: अंगातली ऊब कशी टिकवायची?

एप्रिलमध्ये विहिरीत मुटका मारला की वरचं हातभर पाणी कोमट लागतं आणि पाय खाली गेले की एकदम गार. सोलापूरकडच्या पोहणाऱ्यांना हे नवं नाही. स्कूबाची बुडी मारतानाही हाच थर लागतो, पण तिथे आपण अर्धा-पाऊण तास असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. त्यामुळे तारकर्लीच्या कोमट पाण्यातही दुसऱ्या बुडीला हुडहुडी भरू शकते.

सगळ्यात आधी सूट. वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, पाणी अडवत नाही. आत शिरलेला पातळ थर धरून ठेवतो आणि तो अंगाच्या उष्णतेनं तापतो. म्हणून जाडीइतकंच मापाला महत्त्व आहे. माझ्या पहिल्या बुडीला भाड्यानं मिळालेला सूट मानेपाशी सैल होता. मान वळवली की गार पाण्याची धार पाठीवरून उतरायची. सूट घालून खाली बसा, हात वर करा. मान, काख आणि कंबरेमागे पोकळी राहिली तर दुसरा मागा.

ढोबळमानानं पाणी २४ अंशांच्या वर असेल तर ३ मिलिमीटर, १८ ते २४ अंशांत ५ आणि त्याखाली ७ मिलिमीटरचा सूट, सोबत हूड, मोजे, हातमोजे. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, निओप्रीनमधले, म्हणजे सूटच्या फेसाळ रबरातले, बुडबुडे दबतात आणि सूट पातळ पडतो. खोल जाणार असाल तर एक पायरी जाड घ्या. जाड सूट जास्त तरंगतो, तेव्हा खाली जाण्यासाठी अंगावर बांधलेली वजनंही नव्यानं तपासा.

१० अंशांखाली ड्रायसूट, म्हणजे पाणी आत शिरूच न देणारा सूट. आइसलंडच्या सिल्फ्रा घळीत पाणी वर्षभर २ ते ४ अंश असतं, तिथे तोच वापरतात. त्याचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं. आत लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे घाला. आपलं गाव सुती कापडाचं असलं तरी इथे सूत नको. घामानं ओलं झालं की ते ऊब धरत नाही.

बुडीआधी पोटभर खा, पण सूट चढवून उन्हात घाम काढत बसू नका. पाण्यात हात अंगाशी ठेवा. थंडी वाजू लागली की दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन दंड चोळा. ही जोडीदाराला थंडीची खूण. कापरं भरलं की बुडी तिथेच संपवा. 'अजून पाचच मिनिटं' म्हणू नका: गारठ्यात श्वास वाढतो, हवा लवकर संपते, बोटं बधिर होतात. शिवाय बुडीच्या शेवटी अंग गार पडलं की दाबाखाली अंगात विरघळलेला नायट्रोजन हळू बाहेर पडतो आणि डीकम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना त्याचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराचा, धोका वाढतो.

वर आल्यावर आपला सोलापुरी टर्किश टॉवेल कामाला येतो. ओला सूट वाऱ्यात अंगावर ठेवू नका. अंग कोरडं करा, टोपी घाला, चादर लपेटा, थर्मासमधला गरम चहा घ्या. दारू नको, तिनं त्वचेकडचं रक्त वाढून उष्णता निघून जाते. लगेच कडक पाण्यानं अंघोळही नको, अंगात उरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. हातपाय पूर्ण उबदार झाले नसतील तर त्या दिवशी दुसरी बुडी मारू नका.