प्रयोगशाळेतून विधिमंडळात जाताय? या चुका टाळा

कॅलिफोर्निया कौन्सिल ऑन सायन्स अँड टेक्नॉलॉजीच्या फेलोशिपमधून २००९ पासून पीएचडी झालेले शास्त्रज्ञ वर्षभरासाठी सॅक्रामेंटोला, राज्याच्या विधिमंडळात काम करायला येतात. मीही प्रयोगशाळा सोडूनच या कामात आले. बे एरियातली (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची) आपली मुलं विचारत असतात, म्हणून माझ्या आणि इतरांच्या हातून झालेल्या चुका लिहिते.

टिपण दिलं, पण कुणी वाचलंच नाही? मग निष्कर्ष कुठे लिहिलाय ते बघा. माझं पहिलं टिपण चौदा पानी होतं आणि मुद्दा बाराव्या पानावर, कारण शोधनिबंधात तसंच लिहितात. वरिष्ठ बाईंनी तिथल्या एका वाक्याखाली रेघ मारली. "हे पहिल्या ओळीत आण, बाकीचं एका पानात बसव." आता मी आधी लिहिते: आजचा कायदा काय म्हणतो, विधेयकाने काय बदलेल, बाजूने कोण, विरोधात कोण. पुरावा त्यानंतर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खर्चाकडे दुर्लक्ष. दीड लाख डॉलर किंवा त्याहून जास्त खर्च दिसला, की विधानसभेची विनियोजन समिती (विधेयकांचा खर्च तपासणारी समिती) विधेयक 'सस्पेन्स फाइल'मध्ये, म्हणजे खर्चामुळे रोखून ठेवलेल्या विधेयकांच्या यादीत टाकते. मे आणि ऑगस्टमध्ये अशा शेकडो विधेयकांचे निकाल, म्हणजे कोणतं पुढे जाणार आणि कोणतं तिथेच थांबणार, भराभर वाचून दाखवतात. तिथे कुणाची साक्ष होत नाही, तुमचे आलेखही कुणी मागत नाही. समजा, सेंट्रल व्हॅली या कॅलिफोर्नियातल्या शेतीच्या पट्ट्यात विहिरींमधलं नायट्रेट दरमहा तपासावं असं तुम्ही सुचवलंत. शास्त्राच्या दृष्टीने उत्तमच. पण संबंधित खात्याला आधीच फोन करून विचारा, की पैसा नेमका कशात जातो: नमुने गोळा करण्यात, तपासणीत की माणसं नेमण्यात? तिमाही तपासणीने भागत असेल तर मसुद्यातच तसं लिहा. मेमध्ये कळून उपयोग नाही.

"अजून संशोधन व्हायला हवं" हे वाक्य खरं असलं तरी आमदाराला त्यावर मत देता येत नाही. विधानसभेचा एक सदस्य जवळपास पाच लाख लोकांचा प्रतिनिधी असतो आणि त्याला आज 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं असतं. काय पक्कं माहीत आहे, कशाबद्दल शंका आहे आणि थांबलो तर कुणाचं नुकसान होईल, हे तीन वाक्यांत सांगा. शंका मात्र लपवू नका. एकदा विश्वास गेला की तुमचं पुढचं टिपणही कुणी उघडणार नाही.

वेळापत्रक पाठ करा. सुनावणीनंतर पोचलेला सुंदर अहवाल वाया जातो, आणि शेवटच्या मतदानाआधी अंतिम मसुदा ७२ तास लोकांसमोर असावाच लागतो.

आपल्याच विषयाला चिकटून राहू नका. आज पाणी, उद्या डायलिसिस, परवा शाळेच्या बस.

आणि विरोधाची पत्रं बाजूला ठेवू नका. सुरुवातीला मी ती 'पुरावा नाही' म्हणून सोडून द्यायचे. एकदा विहिरींच्या पाण्याच्या तपासणीच्या विधेयकावर शेतकऱ्यांच्या प्रतिनिधीला फोन केला, तर त्यांचा तपासणीला विरोध नव्हताच. पत्त्यासकट निकाल जाहीर होण्याला होता. दोन ओळींची दुरुस्ती केली आणि पुढच्या सुनावणीआधी त्यांनी विरोध मागे घेतला.