समुद्रकन्येचे दागिने घडवू पाहणाऱ्यांसाठी

रत्नागिरीत राहून मी चांदी, मोती आणि शिंपल्यांचे दागिने हाताने घडवते. या कामात नव्याने येणाऱ्यांनी हत्यारे विकत घेण्याआधी भागवताच्या आठव्या स्कंधातील समुद्रमंथनाची कथा सावकाश वाचावी, असे माझे मत आहे. नारळीपौर्णिमेला आपण नारळ अर्पण करतो तो सागराला. लक्ष्मी ही त्याची कन्या. ती प्रकट झाल्यावर समुद्राने पिवळी रेशमी वस्त्रे, वरुणाने वैजयंती माळ, विश्वकर्म्याने नाना अलंकार, सरस्वतीने हार, ब्रह्मदेवाने कमळ आणि नागांनी कुंडले दिली, असे तेथे वर्णन आहे. या एका प्रसंगातून कितीतरी नक्षी निघतात. तरीही बाजारात समुद्रदेवीच्या नावावर शेपटीची जलपरीच विकली जाते, याचे मला नवल वाटते. कुंडले घडवताना मी फणा टाळून नागाचे केवळ वेटोळे ठेवते, कारण कानाएवढ्या जागेत बारकावे दाटले की कथा हरवते.

साहित्य निवडताना कायद्याचे भान हवे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार प्रवाळ आणि काही जातींचे शंख-शिंपले संरक्षित आहेत, त्यामुळे किनाऱ्यावर सापडले म्हणून काहीही उचलू नये. मी संवर्धित मोती आणि घरात शिजलेल्या शिनाण्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) शिंपा वापरते. शिंप घासताना ती ओली ठेवावी आणि नाकातोंडावर मास्क बांधावा, कारण तिची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते.

कामाचा क्रम मात्र कधीही बदलू नये. 92.5 टक्के चांदीची चौकट आधी घडवावी, टाकणखार (बोरॅक्स) लावून डाख द्यावा, म्हणजे सांधे वितळत्या धातूने जोडावेत, चिंचेच्या पाण्यात उकळून काळपटपणा काढावा, कानशीने कडा साफ कराव्यात आणि मोती किंवा शिंप अगदी शेवटी बसवावी. दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने आच आणि आंबट पाणी त्यांना सोसत नाही. मोत्याचे छिद्र बारीक असते, तेव्हा ओवण्यासाठी 0.4 मिलिमीटरची तार पुरते, तर कानातल्या आकड्याला साधारण 0.8 मिलिमीटरची लागते.

आपल्याकडील दमट, खाऱ्या हवेत चांदी लवकर काळवंडते. तयार दागिने हवाबंद पिशवीत ठेवावेत, आणि अत्तर लावून झाल्यावरच मोती घालावेत, अशी सूचना गिऱ्हाइकाला लिहून द्यावी.