वंचितांवर एकांकिका बसवताय? आधी हिशोब शिका

पावसाळा लागला, करंडकांचे, म्हणजे कॉलेजच्या एकांकिका स्पर्धांचे, वेध लागले की कुणीतरी विचारतंच, "ऊसतोड कामगारांवर एकांकिका लिहितोय, काय काळजी घेऊ?" आमच्या ऊसतोडीवरच्या एकांकिकेला बक्षीस मिळालं म्हणून मला विचारतात. पहिल्या संहितेचं काय झालं, ते कुणी विचारत नाही.

शेवटचं स्वगत लिहू नका. दिवे मंद, नायिकेवर स्पॉट, आणि ती प्रेक्षकांना स्वतःची गरिबी समजावून सांगते. तालमीत टाळ्या पडतात, सिनियर डोळे पुसतात, आणि तिथेच घात होतो. टाळ्या भाषणाला असतात. ऊस तोडणारी बाई मंचावरून कधीच गायब झालेली असते. आमच्या त्या पहिल्या संहितेत असं दोन पानी स्वगत होतं. प्राथमिक फेरीनंतर परीक्षकांनी एवढंच विचारलं, "ही दिवसाला ऊस तोडते किती?" दिग्दर्शकापासून बॅकस्टेजपर्यंत कुणालाच सांगता येईना. तिथूनच घरी आलो.

गरीब माणसं दिवसभर गरिबीवर बोलत नाहीत, पैशांचं बोलतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतात तीही जोडीवर. एकाला ताप आला की खाडा, खाड्याचे पैसे उचलीत चढतात, उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. आता तिचं पोट दुखतंय आणि ट्रक भरायचा राहिलाय. वेगळं नाट्य कशाला हवं? वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकून आलेले पैसे ती नवऱ्यापासून लपवते, हा आमचा सगळ्यात रंगलेला प्रसंग. लोक हसतात. हसू द्या.

बोलीसाठी यूट्यूब नको. बीडकडचं कुणीतरी होस्टेलवर असतंच. त्याला तालमीला बसवा, चुकलं की टोकायची मुभा द्या. मोळी थर्माकोलची नको, मानेत ओझं दिसत नाही. ओली गोणी डोक्यावर देऊन फळीवर चढवा, पाय आपोआप खरा पडतो. पहिल्याच दिवशी लेव्हल्स (मंचावरचे उंच चौथरे) आणि पार्श्वसंगीत मागणारे माजी विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात बोलवा. त्याआधी नकोच.

'विषय वंचितांचा, बक्षीस नक्की' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. 1963 पासून चालत आलेल्या पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकात 2022 साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता. पण घाबरूही नका. लेव्हल्स नसलेल्या, दोन गोण्यांवर उभ्या राहिलेल्या एकांकिका अंतिम फेरीत गेलेल्या मी पाहिल्यात.

आणि संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, वेळेत पाठवा. तालीम रंगात आली की हे काम हमखास राहतं.